पुढच्या वेळी नक्की: सात वर्षं लांबलेली एक नसबंदी

रुग्ण: चिंगी. पांढरी, लांब केसांची मादी, वय सात वर्षं, वजन ९.२ किलो. लसीकरणाच्या पुस्तिकेत जात ‘पॉमेरेनियन’ अशी लिहिली आहे. आपल्याकडे घरोघरी ज्याला पॉमेरेनियन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, तशीच ही. रेबीजसकट सगळ्या लसी वेळच्या वेळी. नसबंदी झालेली नाही. गाव सातारा, महिना मे, साल २०२५. ओळख पटू नये म्हणून घरातल्या माणसांचे काही तपशील बदलले आहेत.

चिंगीचे मालक सर, निवृत्त मुख्याध्यापक. घरी काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आणि सरांच्या आई, मुलगा-सून पुण्यात. अक्षय तृतीयेनंतरच्या आठवड्यात सर आणि काकू चिंगीला रिक्षातून घेऊन आले. तक्रार साधी होती: पाणी फार पिते आणि घरात लघवी करते. उन्हाचे दिवस, त्यामुळे सुरुवातीला कुणालाच त्यात वावगं वाटलं नव्हतं. काकूंनी अंगणातलं पाण्याचं भांडं बदलून मोठं ठेवलं, एवढंच. मग दूध-भाकरी तशीच राहायला लागली, एका सकाळी पिवळी उलटी झाली, आणि जिने पिल्लूपण संपल्यापासून घरात कधी घाण केली नव्हती ती एकाच रात्रीत दोनदा स्वयंपाकघरात लघवी करून देवघराखाली जाऊन बसली.

या भागात मे महिन्यात कुत्र्याने खाणं सोडलं की पहिला संशय गोचीडतापावर जातो. मालकांनाही तो पाठ असतो. सर म्हणाले, “मागे झाला होता तोच असणार, डॉक्टर. त्या पिवळ्या गोळ्या लिहून द्या.” पण भरपूर पाणी पिणारी, मध्यमवयीन, नसबंदी न झालेली मादी टेबलावर असली की गोचिडांच्या आधी एक प्रश्न विचारायचा असतो: शेवटची हीट, म्हणजे माजाचा काळ, कधी होती? सरांना आठवेना. काकूंनी क्षणात सांगितलं, “होळीला. पोळ्या लाटत होते आणि फरशीवर डाग दिसले.” होळी १३ मार्चला होती. म्हणजे सात-साडेसात आठवडे झाले होते.

तिथेच निदान जवळजवळ झालं. ताप नव्हता, १०२.२ अंश फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचंच तापमान. ताप नाही म्हणून घरचे निर्धास्त होते, पण या आजारात तो असतोच असं नाही. पोट मात्र ताणलेलं, हात लावला की चिंगी कण्हायची. योनीतून स्राव अजिबात नव्हता, आणि ही गोष्ट चांगली वाटली तरी चांगली नव्हती. रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी ४६,००० (कुत्र्यात साधारण १७,००० पर्यंत ठीक), हिमोग्लोबिन ९.१, प्लेटलेट १ लाख ४० हजार, आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन चढलेलं, २.१. साखर व्यवस्थित, म्हणजे मधुमेह नाही. सोनोग्राफीत मूत्राशयाच्या वर, जिथे एरवी काही दिसतही नाही तिथे, द्रवाने भरलेल्या जाड नळ्या एकमेकींवर चढलेल्या दिसल्या. पायोमेट्रा. गर्भाशयात पू, आणि गर्भाशयमुख बंद.

काकूंनी विचारलं, “पण ती तर कधी कुत्र्याकडे गेलीच नाही, मग हे कशाने झालं?” प्रश्न अगदी नेमका होता, कारण बहुतेकांना हा आजार समागमातून येतो असं वाटतं. कुत्रीची हीट आणि बायकांची पाळी यांत फक्त रक्त सारखं आहे. बाईला गर्भ राहिला नाही की शेवटी रक्तस्राव होतो. कुत्रीत तो आधी होतो, मग माजाचे दिवस येतात, आणि त्यानंतर, गर्भ राहिलेला असो वा नसो, प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सुमारे दोन महिने चढं राहतं. शरीर पिल्लांची तयारी करतच राहतं: गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, त्यातल्या ग्रंथी पाझरू लागतात, स्नायू ढिले पडतात, मुख बंद होतं आणि त्या जागची रोगप्रतिकारशक्तीही दबलेली असते. हे प्रत्येक हीटनंतर, वर्षातून साधारण दोनदा, आयुष्यभर चालतं. कुत्रीला बायकांसारखी रजोनिवृत्ती नसते. दरवेळी अस्तर थोडं अधिक बिघडतं. माजाच्या दिवसांत मुख उघडं असताना जंतू वर गेलेले असतात, बहुधा तिच्याच आतड्यातले ई. कोलाय. बंद, ओलसर, पोषक जागेत ते वाढतात. त्यांचं विष रक्तात उतरलं की मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. म्हणून लघवी फार, म्हणून पाणी फार. काकूंनी मोठं केलेलं भांडं हे उन्हाळ्याचं लक्षण नव्हतं.

सरांनी औषधाने जमेल का विचारलं. तरुण, पैदाशीच्या मादीत, मुख उघडं असलेल्या पायोमेट्रात औषधांनी गर्भाशय रिकामं करायचा प्रयत्न होतो, आणि पुढच्या हीटनंतर तो आजार परत येण्याची शक्यताही तिथे मोठी असते. मुख बंद असताना गर्भाशय आकुंचन पावायला लावलं तर पूला बाहेरची वाट नाही. गर्भाशय आतच फुटून तो पोटात सांडू शकतो. सात वर्षांच्या, मूत्रपिंडं थकायला लागलेल्या चिंगीसाठी एकच रस्ता होता: गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय काढणं. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेता आलं असतं, हायवेने तासाभराचं अंतर. पण आधी तिला सावरायलाच हवं होतं, आणि सावरल्यावर थांबण्यात काही फायदा नव्हता. दुपारभर सलाइन आणि शिरेतून प्रतिजैविकं दिली, लघवी किती होते ते मोजलं आणि संध्याकाळी टेबलावर घेतली.

ऑपरेशन म्हणून पाहिलं तर हे नसबंदीचंच ऑपरेशन. तेच अवयव, त्याच गाठी, तोच छेद, फक्त लांब. फरक इतकाच की नसबंदीत निरोगी जनावराला भूल देतो आणि इथे रक्तात विष उतरलेल्या जनावराला. प्रोपोफॉल या भुलेच्या इंजेक्शनाचा नेहमीचा हिशोब अशा वेळी चालत नाही, थेंबाथेंबाने द्यावं लागतं. आयसोफ्लुरेन या भुलेच्या वायूवर ठेवलं की रक्तदाब पडतो. एवढ्या कुत्रीचं गर्भाशय एरवी दोन शेवयांएवढं बारीक असतं, शिकाऊ डॉक्टरला ते पोटात शोधावं लागतं. चिंगीचं छेद देताच वर आलं. भिंत इतकी पातळ झालेली की चिमट्याने धरायची सोय नव्हती, ओंजळीत घेऊन बाहेर काढावं लागलं. भोवती ओले मॉप, म्हणजे निर्जंतुक कापडाचे तुकडे, पसरून ठेवले, एक थेंब आत सांडला तरी पुढचे दिवस पेरिटोनायटिसशी, म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराच्या दाहाशी, झगडण्यात जातात. बाहेर काढून तोललं तर १ किलो १०० ग्रॅम. तिच्या वजनाचा जवळजवळ आठवा हिस्सा.

पहिली रात्र टांगणीची गेली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने उकडलेली कोंबडी खाल्ली, तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन १.२ वर आलं. वेदनाशामक म्हणून सर्रास दिलं जाणारं मेलोक्सिकॅम मूत्रपिंडं सुधारेपर्यंत टाळलं. बाराव्या दिवशी टाके काढले. वैद्यकीय हकीकत इथे संपते, आणि ती तशी असामान्य नाही. कुठल्याही पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यात अशी एखादी केस नेहमी असते. मला ही लिहावीशी वाटली ती चिंगीच्या पुस्तिकेमुळे.

सरांची सवय शाळेतली: प्रत्येक भेटीचा कागद जपलेला, तारखेनिशी. टाके काढायच्या दिवशी ती पुस्तिका त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “आम्ही कधी नाही म्हटलं होतं का, ते तुम्हीच बघा.” ती मी वाचली. खरंच, सात वर्षांत कुणी एकदाही नाही म्हटलेलं नव्हतं.

चिंगी २०१८ च्या मार्चमधली, पहिली दोन वर्षं पुण्यात मुलाच्या फ्लॅटमध्ये. त्या सप्टेंबरात लसीच्या पानावर तिथल्या डॉक्टरांनी लिहिलं आहे, ‘नसबंदीचा विचार करावा’. विचार चालू असतानाच दिवाळीत पहिली हीट आली. हीटमध्ये आणि तिच्या पाठोपाठ लगेच ठरवून ऑपरेशन करत नाहीत. त्या दिवसांत रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्त जास्त जातं, आणि अंडाशय मध्येच काढले तर खोट्या गर्भारपणाचा त्रास लांबू शकतो. म्हणून रीतसर सल्ला मिळाला: तीन महिन्यांनी या. तीन महिन्यांनी मुलगा कंपनीच्या कामासाठी बाहेरगावी होता. तो परतून स्थिरस्थावर होईतो दुसरी हीट. तेवढ्यात साताऱ्याहून सरांच्या आईंचा निरोप आला, मुक्या जिवाला एकदा तरी पिल्लं होऊ द्या. एक बाळंतपण झालेलं मादीच्या तब्येतीला बरं, ही समजूत अजून ठाम आहे आणि तिला वैद्यकीय आधार काहीही नाही. स्पिट्झचा नर शोधण्यात ते वर्ष गेलं. मनासारखा मिळाला नाही.

जानेवारी २०२० मध्ये पुन्हा हीट. या वेळी मात्र तीन महिन्यांनंतरची तारीखच ठरली, एप्रिलमधली, पानावर पेनाने गोल करून. २५ मार्चला लॉकडाऊन लागला. तातडीचं सोडून सगळी ऑपरेशनं थांबली, मुलगा लॅपटॉप आणि चिंगीला घेऊन साताऱ्याला आला, आणि चिंगी इथलीच झाली. डिसेंबर २०२१ मध्ये त्याचं लग्न. मांडवाच्या दिवसांत हीट येईल असा हिशोब निघाला, म्हणून कुणीतरी सुचवलेलं ‘हीट पुढे ढकलायचं’ इंजेक्शन दिलं गेलं. ही इंजेक्शनं प्रोजेस्टेरॉनच्या जातीची असतात. पायोमेट्राचा धोका ती वाढवतात, स्तनातल्या गाठींचाही. साडेतीन वर्षांपूर्वीच्या एका इंजेक्शनामुळे हे झालं असं म्हणता येणार नाही. पण हे औषध किराणा मागवल्यासारखं मागितलं जातं, म्हणून इथे थांबून सांगितलं.

२०२३ च्या पावसाळ्यात ऑपरेशनासाठी रक्त तपासलं तर प्लेटलेट ४८,०००. गोचीडताप. अशा वेळी पोट उघडलं तर रक्त थांबत नाही, तेव्हा पुढे ढकलणंच बरोबर होतं. चार आठवडे डॉक्सिसायक्लिन, म्हणजे सरांच्या आठवणीतल्या पिवळ्या गोळ्या, प्लेटलेट वर, सगळं छान. आणि मग हीट. २०२४ मध्ये पानावर काहीच नाही. त्या वर्षी घरात सगळ्यांचं एकमत झालं होतं की आता वय झालं, आता कशाला भूल द्यायची.

एकेक कारण सुटं काढलं तर त्यातलं कुठलंच मूर्खपणाचं नाही. दोन तर वैद्यकीयदृष्ट्या योग्य होती. अडचण त्या तीन महिन्यांत आहे. डॉक्टर हीटनंतर थांबायला सांगतात ते बरोबरच, पण थांबायचे आठवडे आणि पायोमेट्रा व्हायचे आठवडे एकच असतात: हीटनंतर दोन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत. तेवढ्या काळात घरातली निकड ओसरते. डाग पुसायचे नसतात, फाटकाशी गल्लीतले नर जमलेले नसतात, कुत्री शहाण्यासारखी वागते. आठवण होते ती पुढची हीट आली की, आणि तेव्हा उत्तर ठरलेलं असतं: आता नको, तीन महिन्यांनी. निर्णय न घेताच दहा-बारा हीट निघून जातात आणि शेवटी तो रात्री, चौपट खर्चात, पर्याय न उरता घ्यावा लागतो.

याच घरातल्या बोक्याची गोष्ट उलट आहे, आणि तिच्यावरून मालकांचं मन कळतं. बोका आठ महिन्यांचा झाला आणि सरांच्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांवर फवारे मारायला लागला. पंधरवड्याच्या आत त्याची नसबंदी झाली. कुणी निसर्गाचं नाव काढलं नाही, वंशवृद्धीचं तर नाहीच. बोक्याचं काम मुळात सोपं: पोट उघडायचं नाही, काही मिनिटांत होतं, बहुधा टाकेही लागत नाहीत. पण घाई झाली ती वासाची. चिंगीचा त्रास वर्षातून दोनदा तीन-तीन आठवडे आणि मग गायब. बोक्याचा रोजचा, तोही साठ-सत्तर सालांपासूनच्या अंकांवर. (लवकर नसबंदी केलेल्या बोक्याची लघवी अडते अशी भीती काकूंना होती. त्यावर तपासण्या झाल्या आहेत. मूत्रमार्गाच्या जाडीत फरक आढळलेला नाही. लघवी अडण्यात लठ्ठपणा, कमी पाणी आणि नुसतं कोरडं खाणं यांचा हात असतो.)

सर वाचणारे. पुढच्या भेटीला ते तयारीने आले. “नॉर्वेत म्हणे कुत्र्यांची नसबंदी कायद्यानेच करू देत नाहीत. मग आपण का करायची?” माहिती बऱ्याच अंशी खरी आहे. नॉर्वेच्या २००९ च्या प्राणिकल्याण कायद्यानुसार सबळ कारणाशिवाय शस्त्रक्रिया करता येत नाही. शेजारच्या स्वीडनमध्येही सरसकट नसबंदीची रीत नव्हती. तिथे रस्त्यावर बेवारस कुत्री नसतात, माज आलेली मादी मोकळी सुटत नाही, त्यामुळे नको असलेल्या पिल्लांचा प्रश्न आपल्यासारखा नाही. पण गंमत अशी की पायोमेट्रा किती जणींना होतो हे जगाला कळलं ते स्वीडनमुळेच. तिथे बहुतेक माद्या ऑपरेशनाविना होत्या आणि विमा उतरवलेल्या होत्या, म्हणून विम्याच्या नोंदींतून हिशोब मांडता आला: दहा वर्षांची होईपर्यंत चौघींमागे साधारण एकीला. जातीजातींत फरक मोठा, पण सरासरी ही. सरांनी तो आकडा पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर उतरून घेतला.

नसबंदीची दुसरी बाजूही त्यांना सांगितली, कारण ती असते. भूक वाढते, खर्च होणारी ऊर्जा घटते; खाणं पाव हिश्शाने कमी केलं नाही तर वर्षभरात कुत्री पिंप होते. लांब केसांच्या जातींत केस लोकरीसारखे होऊ शकतात. काही माद्यांना, विशेषतः वीस किलोच्या वरच्यांना, पुढे झोपेत लघवी गळायचा त्रास होतो. त्यावर औषध आहे, पण ते बहुधा कायमचं चालतं. स्तनाच्या गाठींबाबत मात्र मला हात आखडता घ्यावा लागतो. १९६९ च्या एका अमेरिकी अभ्यासातले आकडे पशुवैद्यक तोंडपाठ म्हणतात: ऑपरेशन न झालेल्या मादीच्या तुलनेत पहिल्या हीटआधी केलं तर धोका अर्धा टक्काच उरतो, एका हीटनंतर ८ टक्के, दोन हीटनंतर २६. पण २०१२ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा पुरावा वाटत होता तितका भक्कम निघाला नाही. संरक्षण मिळतं असं मलाही वाटतं. नेमकं किती, ते छातीठोकपणे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

चिंगीच्या मागच्या डाव्या स्तनात वाटाण्याएवढ्या दोन गाठी होत्याच. ऑपरेशनाच्या रात्री त्यांना हात लावला नाही, त्या अवस्थेत भुलेची दहा मिनिटंही जास्तीची होती. पावसाळ्याच्या तोंडाशी वजन, हिमोग्लोबिन, प्लेटलेट सगळं जागेवर आल्यावर काढल्या आणि तपासायला पाठवल्या. साध्या निघाल्या. कुत्र्यांत अशा गाठींपैकी सुमारे निम्म्या कर्करोगाच्या असतात, मांजरीत तर बहुतेक सगळ्याच, म्हणून गाठ लहान आहे म्हणून थांबायचं नसतं.

खर्चाचा विषय काकूंनीच काढला. दोन ऑपरेशनं, तीन दिवस दाखल, रक्ताच्या फेऱ्या, बायोप्सी. २०१९ मध्ये ठरवून झालं असतं तर चिंगी सकाळी येऊन संध्याकाळी घरी गेली असती. सरकारने २०२३ मध्ये प्राणी जन्मनियंत्रणाचे नवे नियम काढले, त्यात पाळीव जनावराचं लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी असं लिहिलंय, पण ते वाचून कुणी दवाखान्यात आलेलं माझ्या पाहण्यात नाही. लोक येतात ते शेजारच्या घरातल्या चिंगीचं ऐकून. सरांच्या आळीतून त्या पावसाळ्यात माद्यांची बरीच ऑपरेशनं झाली, आणि प्रत्येक वेळी मी एकच बदल केला: हीटची तारीख सांगायला फोन आला की त्याच फोनवर ऑपरेशनाची तारीख द्यायची, तीन महिने पुढची, आणि मधल्या आठवड्यांत पाणी जास्त प्यायली तर वाट बघू नका असं सांगायचं.

मुलाने आता पुण्यात लॅब्राडॉरची मादी आणली आहे. चार महिन्यांची. आईवडिलांनी त्याला सांगितलं, सहाव्या महिन्यातच उरकून टाक. घरच्या अनुभवाने ते बरोबर वाटेल, पण त्याला मी तसं सांगितलं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पथकाने २०२० मध्ये ३५ जातींच्या नोंदी छापल्या. चिंगीएवढ्या लहान जातींत लवकर नसबंदीने सांध्यांचे आजार वाढलेले दिसले नाहीत. लॅब्राडॉरमध्ये दिसले, आणि मादीसाठी वर्ष उलटेपर्यंत थांबावं अशी त्यांची सूचना आहे. म्हणजे तिची एक हीट होऊन जाणार, ती सांभाळावी लागणार, मोकळं सोडायचं नाही, नंतरचे दोन-तीन महिने नजर ठेवायची. “मग तारीख कुठली धरू?” त्याने विचारलं. पिल्लू वर्षाचं होईल तो महिना आम्ही काढला, हीट मध्ये आलीच तर तीन महिने पुढे सरकवायची मुभा ठेवली, आणि दोन्ही तारखा त्याच्या पुण्यातल्या डॉक्टरांच्या वहीतही लिहून घ्यायला सांगितल्या. ते ऑपरेशन तेच करतील.